विद्यार्थ्यांचे कैवारी बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण दर जयंतीला आणि दर महापरिनिर्वाण दिनाला ऐकतो. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, भारतीय राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु या थोर जीवनाची एक बाजू अशी आहे की तिच्यावर आपल्या व्याख्यात्यांचे लक्ष फारसे जात नाही. ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीसाठी, वसतिगृहांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या तिजोरीशी अखंड तीस वर्षे भांडणारे बाबासाहेब. ते सभेत जसे गर्जले तसे कायदे कौन्सिलच्या बाकावर उठून आकडे मांडत राहिले. गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण कोणाच्या कृपेवर टांगलेले राहू नये, त्यासाठी कायद्याने आणि अंदाजपत्रकाने पैसा मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत आहे. म्हणून तेथूनच आरंभ करू.

दुसऱ्याच्या मर्जीवरचे शिक्षण

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. घरात विद्येची चाड होती, पण पैसा नव्हता. साताऱ्याहून कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. भीमरावांना नवे पुस्तक हवे असले की रामजी बाबा आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलगी आपला दागिना देई, तो गहाण पडे आणि त्या पैशातून पुस्तक येई. पेन्शन आली की दागिना सोडवायचा. एका विद्यार्थ्याचे शिक्षण अशा रीतीने लेकींच्या दागिन्यांवर चालले होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. त्यांच्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या पुस्तकाचे महत्त्व आपण बौद्ध जाणतोच. परंतु केळुसकर गुरुजींनी याहून आणखी एक काम केले. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणाचा खर्च रामजी बाबांना झेपेना, तेव्हा गुरुजींनी बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ही शिष्यवृत्ती मिळाली म्हणून भीमराव बी. ए. होऊ शकले.

पुढे १९१३ साली सयाजीराव महाराजांनीच त्यांना अमेरिकेस पाठविले. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असे त्यात ठरले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी रात्रीचा दिवस केला, १९१५ साली एम. ए. पदवी मिळविली, प्रबंध पुरा केला आणि १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू झाला न झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा सोडून १९१७ साली त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, एवढाच दिलासा होता.

परत आल्यावर करारानुसार ते बडोद्यात नोकरीस गेले. तेथे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. राहायला जागा मिळेना, कचेरीतील शिपाई कागद लांबून फेकीत, पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातील पदव्या त्यांना एका रात्रीचा निवारा मिळवून देऊ शकल्या नाहीत.

त्यानंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली. त्यात राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज मिळाले. तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. तेथे अर्धपोटी राहून, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचून त्यांनी एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळविल्या. १९२३ साली ते मायदेशी आले.

आता विचार करा. केळुसकर गुरुजी भेटले नसते, सयाजीराव महाराज उदार नसते, शाहू महाराजांची दृष्टी थोर नसती, तर हे शिक्षण झाले असते काय? आणि ज्या हजारो मुलांना असे गुरुजी आणि असे महाराज भेटले नाहीत, त्यांचे काय झाले? हा प्रश्न बाबासाहेबांच्या मनात पक्का रुतून बसला. आपल्या उपकारकर्त्यांविषयी ते आयुष्यभर कृतज्ञ राहिले. पण समाजाचे शिक्षण उपकारावर सोडायला ते तयार झाले नाहीत.

कौन्सिलातील बारा मार्च

१९२७ साली बाबासाहेबांची मुंबई कायदे कौन्सिलवर सरकारनियुक्त सभासद म्हणून नेमणूक झाली. १८ फेब्रुवारीला त्यांनी शपथ घेतली आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखात्याच्या अनुदानावर भाषण केले. हे भाषण प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आमदाराने वाचावे असे आहे.

त्यात त्यांनी प्रथम सरकारचा हिशेब सभागृहापुढे ठेवला. मुंबई इलाख्यात शिक्षणावर दर माणशी १४ आणे खर्च होतात आणि दारूवरील अबकारी करातून सरकार दर माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. लोकांकडून दारूच्या वाटे जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाच्या वाटे परत द्या, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी दाखवून दिले.

मग ते फीच्या प्रश्नाकडे वळले. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चापैकी सुमारे २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून येते, असे त्यांनी सांगितले. हा शिक्षणाचा व्यापार झाला, असा त्यांचा आक्षेप होता. शिक्षणखाते हे जितके घ्यावे तितकेच द्यावे अशा वाण्याच्या हिशेबाने चालविण्याचे खाते नाही आणि खालच्या वर्गाची मुले आता कुठे हायस्कुलाच्या व कॉलेजाच्या दारात येऊ लागली असताना उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

शेवटी त्यांनी जो तक्ता मांडला तो अंगावर काटा आणणारा आहे. दर दोन लाख लोकसंख्येमागे कॉलेजात शिकणारे विद्यार्थी पुढारलेल्या हिंदूंत १,०००, मुसलमानांत ५२, मध्यम वर्गांत १४ आणि ज्यात अस्पृश्य मोडतात त्या मागास वर्गांत शून्य! एवढी तफावत असलेल्या लोकांना एकाच मापाने मोजून समता येणार नाही, जे मागे आहेत त्यांना अधिक दिले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी त्या दिवशी सभागृहाला समजावून सांगितले.

येथे तारखांकडे लक्ष द्या. १२ मार्चला हे भाषण झाले आणि आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या काठी उभे होते. सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ साली केला होता आणि तो कागदावरच राहिला होता. ठराव झाला तरी लोक उठल्याशिवाय तो अमलात येत नाही आणि लोक उठले तरी ठराव व तरतूद नसेल तर उठण्याचे फळ टिकत नाही. तळे आणि कौन्सिल ही दोन्ही रणे बाबासाहेबांनी एकाच महिन्यात लढविली.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल कौन्सिलापुढे आले. विद्यापीठाच्या सिनेटवर मागास वर्गाचे प्रतिनिधी कशाला हवेत, तेथे विद्वान हवेत, असा पुष्कळांचा सूर होता. बाबासाहेबांनी विद्यापीठ कशासाठी असते हा मुळाचाच प्रश्न विचारला. ज्यांच्या अंगी बुद्धी आहे, परंतु पैशाअभावी किंवा दुसऱ्या अडचणींमुळे ज्यांना ती वापरता येत नाही, अशांना शिक्षणाची सोय करून देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, असे त्यांचे मत होते. आज सरकारी विद्यापीठांच्या अनुदानाची चर्चा निघते तेव्हा ही व्याख्या लोकप्रतिनिधींच्या पुढ्यात ठेवण्यासारखी आहे.

नुसती फी पुरत नाही

विद्यार्थ्याच्या हातात चार रुपये टेकविले म्हणजे काम झाले, असे बाबासाहेब मानीत नसत. गरिबाच्या घरात आलेली स्कॉलरशिप घरखर्चात विरते, मुलाला अभ्यासाला दिवा नसतो, जागा नसते आणि भोवती शिक्षणाचे वातावरण नसते, हे त्यांनी परळच्या चाळीत अनुभवले होते. म्हणून त्यांचा भर वसतिगृहांवर होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले. पुढे १९२८ साली त्यांनी सरकारकडे मागणी लावून धरली आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड येथे वसतिगृहे चालविण्यास सरकारी मदत मिळविली. त्याच साली नेमलेल्या स्टार्ट समितीवरही ते होते. १९३० साली या समितीने दिलेल्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढविण्याच्या शिफारशी होत्या.

१९३२ च्या पुणे कराराविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यात राखीव जागांचीच चर्चा होते. परंतु त्या कराराचे नववे कलम शिक्षणाविषयी आहे. प्रत्येक प्रांताने आपल्या शिक्षण अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढून ठेवावी, असे ते कलम सांगते. एवढ्या ताणाच्या दिवसांत झालेल्या करारातही विद्यार्थ्यांच्या पैशाची ओळ आली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

तीन लाखांची गोष्ट

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. सत्तेच्या जागी बसल्यावर माणूस मागणे विसरतो. बाबासाहेबांनी मात्र तीन-चार महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणाच्या भागात त्यांनी साधा हिशेब केला. हिंदुस्थान सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला दरसाल प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नको?

ही रक्कम कशासाठी हवी तेही त्यांनी स्पष्ट केले. आपली मुले आर्ट्स आणि कायद्याकडे जातात, कारण विज्ञानाचे व तंत्रशास्त्राचे शिक्षण महाग आहे. परंतु पुढील काळात मोक्याच्या जागा याच शिक्षणाने मिळणार आहेत. म्हणून देशातील विज्ञान व तंत्र शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या आणि काही मुलांना परदेशी विद्यापीठांत पाठवा, अशी त्यांची मागणी होती. सरकारला ती मान्य करावी लागली. वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज देशभर अनुसूचित जातींचा जो विद्यार्थी दहावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, त्या अर्जाचे मूळ या निवेदनात आहे. बडोद्याच्या २५ रुपयांवर शिकलेल्या मुलाने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी सरकारी अंदाजपत्रकात कायमची ओळ लिहून ठेवली.

महाविद्यालये आणि राज्यघटना

सरकारकडे मागायचे आणि आपण हात बांधून बसायचे, हा बाबासाहेबांचा स्वभाव नव्हता. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत लष्करी बराकींमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा कचेरीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट भरत असे. पुढे कायदे करणारे आणि कायदे करणाऱ्यांना जाब विचारणारे तरुण तयार व्हावेत, ही त्यामागची दृष्टी होती. १९५० साली औरंगाबाद येथे, ज्या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनाच्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहिली, शिकली, लिहू लागली. दलित साहित्याची एक मोठी शाखा त्या भूमीतून फुटली, हे सर्वांना माहीत आहे.

राज्यघटनेच्या ४६ व्या कलमात दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची काळजी घेण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय व इंजिनिअरिंग कॉलेजांतील जातवार जागांचा सरकारी हुकूम रद्द ठरविला. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५ व्या कलमात चौथे उपकलम आले. मागासवर्गीयांच्या प्रगतीसाठी विशेष सोयी करण्याचा राज्याचा अधिकार त्यामुळे निर्वेध झाला. न्यायालयात दार बंद झाले तर ते संसदेत उघडता येते, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

दीक्षेनंतरची कसोटी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर आपल्या समाजापुढे बिकट प्रश्न आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला होता. मुलगा बौद्ध म्हणून नाव नोंदवी आणि सवलतीचा हक्क संशयात पडे. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. तीस वर्षांहून अधिक काळ निवेदने, मोर्चे आणि संसदेतील प्रश्न यांतून हा हक्क मिळविला गेला. धम्म सोडून सवलत घ्यावी असा मोह पुष्कळांपुढे उभा राहिला असेल. ज्यांनी तो जिंकला त्या आईबापांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या निष्ठेवर आजची आपली पिढी उभी आहे.

आज आपण काय करावे

मी शाळेत शिकविते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिलीच. माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे एके वर्षी परीक्षा संपून गेल्यावर हाती आले आणि तोवरच्या खाणावळीसाठी आईने कानांतले विकले. रामजी बाबांनी गहाण ठेवलेल्या दागिन्यांची कथा मी वर्गात सांगते तेव्हा पालकसभेला आलेल्या माता मान हलवितात, कारण ती त्यांना जुनी वाटत नाही. मंजूर झालेली शिष्यवृत्ती उशिरा मिळाली तर गरीब विद्यार्थ्याला ती न मिळाल्यासारखीच असते.

हा पैसा सभागृहातल्या एका सूत्रावर अवलंबून असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा बराच भार मधल्या काळात राज्यांच्या डोक्यावर गेला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने सूत्र बदलले, ६० टक्के वाटा केंद्राने व ४० टक्के राज्याने उचलावा असे ठरविले आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. त्यांपैकी ३५,५३४ कोटी केंद्राचे होते. सूत्र बदलले की लाखो मुलांचे नशीब बदलते. ते बदलणारे हात आपण निवडून दिलेल्यांचे आहेत.

म्हणून माझे आपल्या बंधुभगिनींना सांगणे आहे. आपण आमदार-खासदारांना जयंतीच्या व्यासपीठावर बोलावतो, त्यांच्या गळ्यात हार घालतो. त्याच व्यासपीठावर त्यांच्या हातात एक कागदही द्यावा. आपल्या तालुक्यातील किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती थकली, किती महिने थकली, वसतिगृहात किती अर्ज आले आणि किती जागा आहेत, मुलींच्या वसतिगृहाची काय स्थिती आहे, याचे आकडे त्या कागदावर असावेत. अर्थसंकल्पीय अधिवेशनापूर्वी ते त्यांना पोचवावेत. तारांकित प्रश्न कोणी विचारला, लक्षवेधी सूचना कोणी दिली, विद्यापीठांच्या अनुदानावर कोण बोलले आणि कोण गप्प बसले, याची नोंद प्रत्येक बुद्धविहारात ठेवावी. महाविद्यालयीन मुलांनी हे आकडे गोळा करावेत आणि निवृत्त शिक्षकांनी ते तपासावेत. नुसत्या घोषणांपेक्षा अशा कागदाचे वजन अधिक असते. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या हातात असाच कागद होता.

आपल्यातील जे शिकून मोठ्या जागी गेले त्यांच्यावर तर याची दुप्पट जबाबदारी आहे. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरविली याचे दुःख बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बोलून दाखविले होते. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांनी पुढच्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी भांडावे, एवढे केले तरी ते दुःख काहीसे हलके होईल. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका आणि सम्यक व्यायाम सांगितला. मागून येणाऱ्यांची वाट मोकळी करण्यासाठी केलेला प्रयत्न हा सम्यक व्यायामच आहे.

जयभीम!